पैशाचं काही नाही, डॉक्टर!

मराठी मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात काही ठरावीक खोटी वाक्यं बोलतो. 'आत्ताच जेवून आलो हो', 'छे छे, त्रास कसला!', 'तुम्ही अगदी होता तश्शाच आहात' वगैरे. ही वाक्यं निरुपद्रवी असतात. बोलणाऱ्याला ती खोटी आहेत हे ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि दोघांच्या संगनमताने संसाराचा गाडा सुरळीत चालतो. पण याच जातीचं एक वाक्य असं आहे की, ते बोलणाऱ्याला त्या क्षणी शंभर नंबरी खरं वाटत असतं. हे वाक्य जनावरांच्या दवाखान्यात ऐकू येतं. कुत्रं टेबलावर मान टाकून पडलेलं असतं, घरातली धाकटी मुलगी नाक पुसत असते, आणि कुटुंबप्रमुख छातीवर हात ठेवून म्हणतो, "पैशाचं काही नाही, डॉक्टर. तो बरा झाला पाहिजे!"

आता गंमत बघा. हाच गृहस्थ वडिलांना घेऊन माणसांच्या इस्पितळात गेला की काउंटरवर पहिला प्रश्न काय विचारतो? "मेडिक्लेममध्ये बसेल ना?" त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. जनरल वॉर्ड की सेमी-प्रायव्हेट याची चर्चा तो वडिलांच्या देखत करतो, आणि वडीलही हिरिरीने भाग घेऊन जनरलच्या बाजूने मत देतात. यावरून त्याचं वडिलांपेक्षा कुत्र्यावर प्रेम जास्त आहे, असा अर्थ कोणी काढू नये. (काही घरांत तसा अर्थ निघतो, पण ती घरं वेगळी.) खरा प्रकार उलटा आहे. वडिलांवर उपचार करायचे की नाही, हा प्रश्नच नसतो. कुठे करायचे आणि पैसे कुठून आणायचे, एवढंच ठरवायचं असतं. कुत्र्याच्या बाबतीत मात्र 'करायचे की नाही' हाच पहिला प्रश्न असतो. तो कोणी तोंडाने विचारत नाही. तो टेबलाखाली दबा धरून बसलेला असतो, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून आपण वर मोठ्याने घोषणा करतो.

हे सगळं मी अधिकारवाणीने सांगतो आहे, कारण आमच्या घरात बंड्या आहे. बंड्या म्हणजे कुत्रा. जात विचाराल तर निव्वळ देशी. हल्ली यालाच 'इंडी' म्हणतात. त्यामुळे बंड्याचा काही फायदा झालेला नाही, पण आमची बिल्डिंगमधली प्रतिष्ठा थोडी वाढली आहे. आठ वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तो जिन्याखाली येऊन बसला आणि चौथ्या दिवशी आमच्या सोफ्यावर होता. म्हणजे तो आम्हाला फुकट मिळाला. जगात फुकट मिळालेल्या वस्तूइतकी महाग वस्तू दुसरी नाही, हे ज्याला पटत नसेल त्याने कुत्रं पाळावं.

बंड्याच्या कृपेने जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर माझ्या आयुष्याचे अनेक तास गेले. ते बाक म्हणजे एक शाळा आहे. माणसांच्या दवाखान्यात रोगी कण्हत असतात आणि नातेवाईक मोबाइल बघत असतात. इथे रोगी एकमेकांचा वास घेत असतात आणि नातेवाईक कण्हत असतात. कोपऱ्यात कोणीतरी बास्केटमध्ये मांजर घेऊन बसलेलं असतं. ते मांजर सगळ्या जगाकडे तुच्छतेने पाहत असतं. चोरांचा कर्दनकाळ म्हणून पाळलेला एक जर्मन शेफर्ड सुई दिसताच मालकिणीच्या पदराआड लपतो. आणि या गर्दीत पहिल्या दिवशी आलेला मालक आणि पाचव्या दिवशी आलेला मालक मला नुसत्या चेहऱ्यावरून ओळखता येतो.

पहिल्या दिवसाचं वाक्य तर तुम्हाला सांगितलंच. दुसऱ्या दिवशी त्याला एक शेपूट फुटतं: "पैशाचं काही नाही, पण ही तपासणी परत करायची का?" तिसऱ्या दिवशी, "माझ्या मेहुण्याच्या कुत्र्याला अगदी असंच झालं होतं, तो हळदीने बरा झाला." चौथ्या दिवशी मालक बाकावरच्या शेजाऱ्याला हळू आवाजात विचारतो, "तुम्हाला किती लावले?" आणि पाचव्या दिवशी डॉक्टर दरोडेखोर ठरलेला असतो. डॉक्टर तोच, कुत्रं तेच, रोग तोच. मधे फक्त बिल आलेलं असतं.

आमच्या खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे लॅब्राडोर आहे. मागच्या वर्षी त्याला ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. डॉक्टरांनी गोचीड-तापाचा संशय घेतला. गोचीड चावली की तिच्यातून हा रोग रक्तात शिरतो आणि प्लेटलेट्स खाली आणतो. आपल्या हवेत अगदी नेहमीचा आजार आहे. रक्त तपासलं, संशय खरा निघाला, दोन दिवस सलाईन लावलं आणि गोळ्या दिल्या: डॉक्सिसायक्लिन, सुमारे चार आठवडे. आता ही गोळी काही हिमालयातली संजीवनी नव्हे. माणसंही तीच घेतात, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे स्वस्तात मिळते. बँकवाल्यांनी बिलाचा ताळेबंद मांडला आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर केलं, "म्हणजे गोळीला पैसे कमी, आणि गोळीचं नाव सांगायला जास्त!"

माझ्या मते वैद्यकशास्त्राची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या ग्रंथात सापडणार नाही. गोळीचं नाव सांगण्याचेच तर पैसे असतात! पण बँकवाल्यांनी ती तक्रार म्हणून मांडली होती. नवव्या दिवशी लॅब्राडोरने ओट्यावरच्या पोळ्यांची चवड संपवली, तेव्हा त्यांनी गोळ्या बंद केल्या. "बरा झाला की! चार आठवडे कशाला? धंदा आहे सगळा." महिनाभराने ताप उलटला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या पूर्ण दिल्या होत्या ना?" बँकवाले म्हणाले, "हो तर! एक चुकवली नाही." मी शेजारीच उभा होतो. या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत असलेला आणखी एक जण टेबलावर बसला होता, पण त्याला बोलता येत नव्हतं.

अविश्वासाबद्दल आपण बोलतो तेव्हा तो नेहमी एकाच दिशेने चालतो असं धरून बोलतो. डॉक्टर आपल्याला फसवत नाही ना, एवढीच आपल्याला चिंता. पण रोगी मुका असला की दोन्हीकडच्या माणसांना मोकळं रान मिळतं. नको ती तपासणी केली हे कुत्रं आपल्याला सांगू शकत नाही, आणि अर्धंच औषध दिलं हे ते डॉक्टरांना सांगू शकत नाही. दोघांच्या थापांची किंमत मात्र तेच मोजतं.

डार्बी आणि कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक निबंध लिहिला. काही वस्तू आणि सेवा अशा असतात की, त्यांची आपल्याला खरोखर गरज होती की नव्हती, हे विकत घेतल्यानंतरही कळत नाही. आंबा खाल्ला की कळतो. मोटारीचा मेकॅनिक 'हा पार्ट बदलला म्हणून वाचलात' म्हणाला की आपण फक्त मान डोलावतो. सांगणारा तोच, विकणारा तोच. मग फसवणूक किती होईल आणि तिला आळा कशाने बसेल, याचा त्यांनी रीतसर विचार केला. निबंधाचं नाव मराठीत सांगायचं तर 'खुली स्पर्धा आणि फसवणुकीचं इष्टतम प्रमाण'. इष्टतम! फसवणूक म्हणजे जणू आमटीतलं मीठ. आमच्या बँकवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो?"

आणि ते अगदीच चूक म्हणत होते असंही नाही. जनावरांचा डॉक्टर रोग ओळखतो, औषध देतो आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या कपाटातून कुत्र्याचा खाऊ, साबण आणि पट्टाही काढून देतो. एका माणसाने न्यायाधीश, वकील आणि पानवाला अशा तिन्ही भूमिका करण्यासारखं हे आहे. लशींचंच घ्या. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जी जागतिक संघटना आहे, तिचं म्हणणं असं की, पिल्लूपणी लशी नीट झाल्या असतील तर पार्वोसारख्या रोगाची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांतून एकदाहून अधिक वेळा द्यायचं कारण नाही. रेबीजची आणि लेप्टोची गोष्ट वेगळी. पण सगळ्या लशी सरसकट दर वर्षी टोचणारे आहेतच. तेव्हा 'ही लस या वर्षी का?' असं विचारणं हा काही डॉक्टरांचा अपमान नव्हे. शिवाय माणसांच्या वैद्यकात 'कट' नावाच्या प्रकाराने आपलं तोंड इतकं पोळलेलं आहे की, जनावरांच्या दवाखान्यातलं ताक आपण फुंकून पिणारच. इंग्लंडात तर मे २०२४ मध्ये सरकारी स्पर्धा-नियामकांनी पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची आणि त्यांच्या बिलांची रीतसर चौकशी सुरू केली. तिथे माणसांचे उपचार सरकारी खर्चाने होतात, त्यामुळे अनेकांना डॉक्टरचं बिल म्हणून जे काही आयुष्यात दिसतं ते कुत्र्याचंच. धक्का बसायचाच.

तर संशयाला जागा आहे. माझं म्हणणं एवढंच की, आपल्या संशयातला मोठा हिस्सा डॉक्टरांबद्दलचा नसतोच.

हे मला मामाच्या म्हशीमुळे सुचलं. मामा गावाकडे असतो. त्याची म्हैस आजारी पडली की तो डॉक्टरला बोलावतो, ओसरीवर बसवतो, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारतो, "किती लागतील?" डॉक्टर आकडा सांगतो. मामा दुधाचा भाव, वेताचे दिवस आणि म्हशीचं वय यांचा तोंडी हिशेब करतो आणि एक तर 'करा' म्हणतो किंवा 'नको'. दोघांपैकी कोणीही छातीवर हात ठेवत नाही. मामाचं म्हशीवर प्रेम नाही असं म्हणायची माझी छाती नाही. पोळ्याच्या दिवशी तो बैलांना पुरणपोळी भरवतो तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. पण त्याचं प्रेम आणि त्याचा हिशेब एकाच गोठ्यात गुण्यागोविंदाने बांधलेले आहेत.

स्वस्त औषधाची हौस मात्र गोठ्यालाही असते. डायक्लोफेनॅक नावाचं दुखण्यावरचं एक स्वस्त इंजेक्शन गुराढोरांना सर्रास टोचलं जायचं. जनावराला बरं वाटायचं, मालकाला परवडायचं, सगळे खूश. पण ते औषध अंगात असताना मेलेली गुरं गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. बिल शेवटी कोणीतरी भरतंच. यात ते गिधाडांच्या नावावर फाटलं. असो.

सांगत होतो ते हिशेबाचं. आपल्याकडे जनावरांच्या वैद्यकाची सुरुवात पुण्याईने झाली. अशोकाच्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा असा दोन्हींचा उल्लेख आहे, औषधी वनस्पती लावल्याचाही आहे. तपासणी-फीचा मात्र नाही. मुंबईत परळला सर दिनशा माणेकजी पेटिटांनी पत्नीच्या, साकरबाईंच्या नावाने जनावरांचं इस्पितळ काढलं. त्याच्याच आश्रयाने १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लोकांनी त्या इस्पितळाला नाव काय दिलं? 'बैलघोडा हॉस्पिटल'. हे नाव फार बोलकं आहे. बैल आणि घोडा, म्हणजे गाडी ओढणारे, कमावणारे रोगी. कुत्र्या-मांजराला बारशातही जागा नाही.

कायद्याचंही तसंच. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावराला मारण्या-जायबंदी करण्याबद्दल दोन कलमं होती. दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचं जनावर असेल तर ४२८, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांपैकी काही असेल, किंवा इतर कुठलंही पन्नास रुपये आणि वरच्या किमतीचं जनावर असेल तर ४२९, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. म्हणजे जिन्याखाली फुकट मिळालेल्या बंड्याचा जीव कायद्याच्या तराजूत पासंगालाही पुरत नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ३२५ व्या कलमातून ही किमतीची अट गेली. आता कुठलंही जनावर, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. त्या दिवसापासून बंड्याच्या चालण्यात जरा ऐट आल्यासारखी मला वाटते.

पण कायद्याने किंमत काढून टाकली म्हणून आपली सुटका झाली नाही. उलट अडचण वाढली. दहा रुपये हा आकडा कितीही हास्यास्पद असला तरी आकडा होता. म्हशीचा हिशेब दुधात होतो, बैलाचा नांगरात, घोड्याचा टांग्यात. कुत्र्याचा कशात करणार? तो संध्याकाळी दार उघडताच जे काही करतो, त्याचा लिटरमागे भाव काय? आपल्याला हा आकडा ठाऊक नसतो आणि ठाऊक करून घ्यायचाही नसतो. सगळं आयुष्य तो न उच्चारता छान चाललेलं असतं. आणि मग एके दिवशी पांढरा कोट घातलेला एक परका माणूस कागदावर काहीतरी लिहून आपल्यासमोर सरकवतो आणि म्हणतो, "एवढे लागतील. करायचं का?" मुलगी आपल्याकडे बघत असते. कुत्रंही. त्या क्षणी आपल्या मनात एक आकडा उमटतो, आणि तो कागदावरच्या आकड्यापेक्षा लहान असतो. आता काय म्हणायचं? 'माझं प्रेम इथपर्यंत आहे' असं म्हणायचं? त्यापेक्षा 'हा डॉक्टर लुटतो' असं म्हणणं किती सोपं! त्यात आपण प्रेमळही राहतो आणि चतुरही.

या पेचातून सुटायला आपण मोठ्या खुबीचा एक प्रश्न शोधून काढला आहे. "डॉक्टर, तुमचा कुत्रा असता तर तुम्ही काय केलं असतं?" हा प्रश्न विचारताना आपल्याला वाटतं की आपण फार विश्वास टाकतो आहोत. खरं म्हणजे आपण आपलं ओझं त्यांच्या खांद्यावर टाकतो आहोत. आमच्या डॉक्टरांना हा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांनी माझ्यासमोर विचारला. त्यांच्या चौदा वर्षांच्या कुत्र्याची मूत्रपिंडं गेली होती. एक दिवसाआड सलाईन लावत राहिलं तर काही आठवडे, कदाचित महिने. डॉक्टर म्हणाले, "काका, माझा असता तर मला फुकट पडलं असतं. तेव्हा माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही."

काका गप्प झाले. मग डॉक्टर म्हणाले, "असं करा. पैसे भरपूर असते तर काय केलं असतं, ते आधी मनाशी ठरवा. मग नसते तर काय, ते ठरवा. दोन्ही उत्तरं एकच आली तर प्रश्न पैशाचा नाहीच."

"आणि वेगळी आली तर?"

"तर तीही सांगा. मी तुम्हाला वाईट माणूस समजणार नाही."

काका बराच वेळ बाकावर बसून राहिले. कुत्रं त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपलं होतं. त्यांची उत्तरं एक आली की वेगळी, ते मला माहीत नाही. तीन दिवस ते सलाईनला येत राहिले, चौथ्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन आले आणि कुत्र्याला इंजेक्शन देऊन झोपवलं. त्या दिवशी दवाखान्यातल्या लॅब्राडोरांनीसुद्धा आवाज केला नाही. जाताना काकांनी पैसे मोजून दिले आणि डॉक्टरांनी मोजून घेतले. 'राहू द्या' असं कोणी म्हटलं नाही. ते त्या वेळी मला कोरडं वाटलं. आता वाटत नाही. त्या व्यवहारात दोघांचीही मान ताठ राहिली होती.

अशा वेळी खरी परीक्षा घेतात ते नातेवाईक. कुत्र्याच्या उपचाराचा आकडा कळला की घरी येऊन चहा पीत ते हमखास म्हणतात, "एवढ्या पैशात एखाद्या गरीब मुलाचं वर्षाचं शिक्षण झालं असतं." हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण मी असं पाहिलं आहे की तो फक्त कुत्र्यासमोर सुचतो. याच आमच्या नातेवाइकांनी मुलीच्या लग्नात आइस्क्रीमचे सात प्रकार ठेवले होते, तेव्हा गरीब मुलगा कोणाला आठवला नाही. त्याला बिचाऱ्याला कायम कुत्र्याच्या वाटणीत उभं करतात. तरीही प्रश्न खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही, हे मान्य केलं पाहिजे. मर्यादा कुठेतरी असतेच. कर्ज काढून कुत्र्याचं ऑपरेशन करणारा थोर आणि न करणारा कसाई, असं मी मानत नाही. ती मर्यादा आहे हे मोठ्याने म्हणता येतं की नाही, एवढाच प्रश्न.

ते म्हणणारी व्यक्ती मी एकदाच पाहिली. मंडईच्या बाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या एक मावशी. तीन महिन्यांचं पिल्लू फडक्यात गुंडाळून आल्या होत्या. उलट्या, रक्ताची हगवण. पार्वो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगात पहिल्यांदा लक्षात आला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ होऊन बसला आहे. त्याच्यावर थेट औषध सहसा हाताशी नसतं. शरीरातलं पाणी टिकवायचं, उलट्या थांबवायच्या आणि पिल्लाला स्वतःच्या बळावर झगडायला वेळ मिळवून द्यायचा. मावशींनी पिल्लू टेबलावर ठेवलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि म्हणाल्या, "दादा, माझ्याकडं अठराशे हायेत. यात काय बसतंय ते करा. नसंल बसत तर तसं सांगा."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी एक वेगळाच मोकळेपणा पाहिला. ते म्हणाले, "मावशी, दाखल करून रात्रंदिवस सलाईन लावणं हे सगळ्यात चांगलं. ते यात बसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही हिला आणायचं, मी कातडीखाली सलाईन भरणार, उलटीचं इंजेक्शन देणार, बाकी घरी कसं करायचं ते शिकवणार. पहिल्यात वाचायची आशा जास्त, यात कमी. पण आहे."

"मग करा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर पाच दिवस मी त्यांना पाहत होतो. बंड्याच्या कानाचं काहीतरी चाललं होतं, त्यामुळे आमचाही रतीब होता. त्या पाच दिवसांत मावशींनी डॉक्टरांना एकदाही 'हे कशाला?' असं विचारलं नाही, आणि डॉक्टरांनी त्यांना एकदाही 'घरी दिलंत ना?' असं विचारलं नाही. शेजारीच एक सुखवस्तू दांपत्य आपल्या पोमेरेनियनच्या सोनोग्राफीबद्दल दुसऱ्या डॉक्टरांचं मत फोनवर घेत होतं. डॉक्टर आत आले की फोन उलटा ठेवत होतं. ते पहिल्या दिवशी काय म्हणाले होते, ते तुम्हाला माहीतच आहे.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला कोण बरं? पैशाचं काही नाही म्हणणारे की अठराशेवाले?"

ते हसले. "पैशाचं काही नाही म्हणणाऱ्याचा आकडा मला अंदाजाने शोधावा लागतो. जास्त सांगितलं तर लुटारू, कमी केलं आणि कुत्रं दगावलं तर हलगर्जी. तेव्हा मग मीही चार तपासण्या जास्त लिहितो. उद्या कोणी विचारलं तर कागद हवा."

म्हणजे बघा, आपण न उच्चारलेल्या आकड्याचंच आपल्याला बिल येतं!

मावशींचं पिल्लू वाचलं. त्याचं नाव राणी. महिन्याभराने मावशी तिला लशीला घेऊन आल्या, बरोबर मेथीची ही एवढी जुडी. डॉक्टरांनी लस टोचली, मेथी घेतली आणि लशीचे पैसेही घेतले. मावशी गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, मेथी आणि पैसे, दोन्ही?"

"मेथी नाही घेतली तर त्यांना वाईट वाटेल," डॉक्टर म्हणाले, "आणि पैसे नाही घेतले तर पुढच्या वेळी यायला संकोच वाटेल."

मी यावर काहीतरी समर्पक बोलणार होतो, तेवढ्यात टेबलाखालून मचमच ऐकू आली. बंड्याने जुडी ओढली होती. मेथी त्याला आवडत नाही; ती तशीच होती. जुडीला लावलेलं रबर मात्र दिसेना.

"गिळलं," डॉक्टर वाकून म्हणाले. "छोटं आहे, जाईल बहुतेक. नाही गेलं तर फोटो काढावा लागेल."

"किती लागतील?" मी विचारलं.

"फोटोचे मग सांगतो. आधी दोन दिवस शीवर नजर ठेवा. त्याचे पैसे नाहीत, ती तुम्हालाच बघायची आहे."